उंदरात विषाणू सापडला, म्हणजे नेमकं काय सापडलं?

सिंधुदुर्गातलं एक गाव, सकाळचे साडेसहा. मी एका घराच्या पडवीत बसून रात्री लावलेले सापळे मोजत होते. घरातल्या आजी चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय गो बाय, गावलो काय तुझो उंदीर?" मी म्हटलं, हो आजी, दोन सापळे बंद आहेत. त्यांनी चहाचा कप ठेवला, माझ्या हातातल्या दुहेरी हातमोज्यांकडे आणि गळ्यात लटकणाऱ्या मास्ककडे पाहिलं आणि विचारलं, "मगे आमच्या घरात रोग आसा काय?"

मी उत्तर दिलं, "अजून माहीत नाही आजी, लॅबमध्ये तपासावं लागेल."

उत्तर शास्त्रशुद्ध होतं. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं सांगितलं, की आजी तेव्हापासून माळ्यावर जात नाहीत. शेजारच्या दोन पोरांना त्यांच्या आयांनी सांगून ठेवलंय, की त्या खळ्यात खेळायचं नाही, तिथे सापळे लावले होते. म्हणजे अजून एकही नमुना तपासलेला नसताना मी त्या घराला 'रोगाचं घर' करून आले होते.

त्या दिवसापासून ठरवलं होतं, की या विषयावर एकदा सविस्तर लिहायचं. मी पीएचडीसाठी उंदीर आणि तत्सम लहान प्राण्यांमधले विषाणू शोधते. "उंदीर पकडते" असं सांगितलं की नातेवाईक हसतात, आणि "विषाणू शोधते" म्हटलं की दोन फूट लांब बसतात. दोन्हींच्या मधलं जे काम आहे, ते आज सांगते.

उंदीरच का?

उंदीर, घुशी, खारी, साळिंदर हे सगळे कृंतक, म्हणजे सतत वाढणाऱ्या पुढच्या दातांनी कुरतडणारे प्राणी. सस्तन प्राण्यांच्या ज्या काही जाती आहेत, त्यातल्या साधारण ४० टक्के एकट्या या गटात येतात. ते भरपूर पिल्लं घालतात, लवकर वयात येतात आणि त्यातल्या काही जाती माणसाच्या अगदी ताटाजवळ राहतात. त्यामुळे त्यांच्यातलं काही आपल्यापर्यंत पोचण्याची संधी जास्त असते.

महाराष्ट्राला हे नव्यानं सांगायला नको. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हापासून उंदीर मरून पडणं ही घर सोडायची खूण झाली. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात 'लेप्टो'ची भीती असते, तीही उंदरांच्या लघवीतून येणारी. पण हे दोन्ही आजार जिवाणूंचे आहेत, विषाणूंचे नाहीत. प्रतिजैविकं वेळेवर मिळाली तर त्यांवर इलाज होतो. उंदरांतून येणाऱ्या विषाणूंवर बहुतेक वेळा तसं नेमकं औषध नसतं. त्यामुळे तिथे आजार येण्याआधीची माहिती जास्त मोलाची ठरते.

आता सिंधुदुर्गच का? १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप यायला लागला. हाच तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्याकडचा 'माकडताप'. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत दिसला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडे. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याचा विशेष फटका बसला. हा विषाणू माणसाला गोचीड चावल्यानं होतो. माकडं मरतात म्हणून ती दिसतात. पण गोचिडीची लहानपणीची अवस्था जंगलातल्या उंदरांच्या, चिचुंद्र्यांच्या अंगावर पोसली जाते. या लहान प्राण्यांनाही विषाणूची लागण होते, मात्र ते माकडांसारखे पटापट मरून पडत नाहीत. म्हणजे माकड ही बातमी झाली, पण बातमीच्या मागे काय चाललंय ते पाहायचं तर पाचोळ्यात बघावं लागतं.

एक गोष्ट, जिच्यामुळे मी या कामात आले

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात एक प्रकरण शिकवलं होतं. ते अमेरिकेतलं आहे, पण या कामाचं मोल इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मे १९९३. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एका बिंदूला मिळतात, त्या 'फोर कॉर्नर्स' भागात नवाहो समाजातला एक तरुण, चांगला धावपटू, अचानक श्वास लागून मरण पावला. चौकशी केली तर त्याची होणारी बायको काही दिवसांपूर्वी तशीच गेली होती. मग अशाच धडधाकट तरुण माणसांच्या आणखी केसेस सापडल्या. आधी साध्या फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी, मग फुप्फुसांत पाणी.

काही आठवड्यांतच उत्तर मिळालं: हंता गटातला एक विषाणू. शास्त्रज्ञ चक्रावले, कारण तोवर हंता म्हटलं की आशिया आणि युरोपातला, मूत्रपिंडावर घाला घालणारा आजार असंच समीकरण होतं. कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे ३,००० सैनिकांना तो झाला होता. त्याचा माग काढत हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञानं १९७६ मध्ये शेतातल्या पट्टेरी उंदराच्या फुप्फुसात तो दाखवून दिला, आणि हंतान नदीवरून त्याला नाव मिळालं. पण अमेरिकेत, तेही थेट फुप्फुसावर? हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

हंता म्हणजे कृंतक, हे माहीत असल्यामुळे लगेच सापळे लागले. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुमारे १,७०० उंदीर पकडले. घरांच्या आत, घरांभोवती, गोठ्यांत, आणि माणूस नसलेल्या मोकळ्या रानातही. मुख्य यजमान निघाला 'डियर माउस' नावाचा गोंडस, मोठ्या डोळ्यांचा उंदीर. तपासलेल्या डियर माउसपैकी साधारण ३० टक्के उंदरांत लागणीचा पुरावा होता.

इथपर्यंत ही तपासकथा झाली. माझ्यासाठी खरी गोष्ट यापुढे आहे. प्रश्न असा होता, की हा विषाणू नवा आहे का? आणि १९९३ मध्येच का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली ती अशा लोकांमुळे, ज्यांचा साथीशी काडीचाही संबंध नव्हता. न्यू मेक्सिको विद्यापीठातले परिसंस्थेचे अभ्यासक त्या भागातल्या उंदरांची वर्षानुवर्षं मोजणी करत होते. विषाणूसाठी नाही, तर किती पावसात किती गवत, किती गवतात किती उंदीर, एवढ्यासाठीच. त्यांच्या वह्यांतून कळलं, की दुष्काळानंतर भरपूर बर्फ आणि पाऊस झाला, खाणं वाढलं आणि मे १९९२ च्या तुलनेत मे १९९३ मध्ये उंदीर दहापट झाले होते. उंदीर वाढले, घरात शिरले, माणसांशी गाठ पडली. शिवाय विद्यापीठाच्या संग्रहालयात आधीच्या वर्षांत पकडलेल्या उंदरांच्या ऊतींचे नमुने गोठवून ठेवले होते. ते काढून तपासले तर विषाणू त्यातही होता. माणसांचे जुने जपलेले नमुने तपासल्यावर १९५९ सालची युटामधली एक केसही सापडली.

म्हणजे विषाणू नवा नव्हता. तो तिथेच होता, आपण पाहिलं नव्हतं. आणि नवाहोंच्या वैद्यक परंपरेत असा आजार आणि त्याचा उंदरांशी असलेला संबंध, दोन्हींची आठवण होती.

या प्रकरणाला एक काळी बाजूही आहे. बातम्यांमधून हा 'नवाहोंचा आजार' झाला आणि त्या समाजाला बाहेर हिणवणं, टाळणं सोसावं लागलं. विषाणूला स्थानिक जागेचं नाव द्यायचं घाटत होतं, त्याला तिथल्या लोकांनी विरोध केला. शेवटी नाव ठरलं 'सिन नॉम्ब्रे', स्पॅनिशमध्ये 'बिननावाचा'. आजींच्या खळ्याची गोष्ट ऐकली तेव्हा मला पहिलं हेच आठवलं.

सापळा लावण्यापासून नमुन्यापर्यंत

प्रत्यक्ष काम कसं चालतं? सुरुवात सापळ्यानं नाही, कागदांनी होते. वनखात्याची परवानगी, प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिकता समितीची मंजुरी, जैवसुरक्षा समितीची मंजुरी, ग्रामपंचायतीला पत्र. यात पहिलं वर्ष कुठे गेलं ते कळलं नाही.

मग सापळे. आम्ही पत्र्याचे घडीचे 'शर्मन' सापळे वापरतो, दिसायला लांबट डब्यासारखे. आत पाय पडला की दार बंद. घरांत जाळीचे पिंजरेही लावतो, तेच जे बाजारात मिळतात. आमिष म्हणून पुस्तकात पीनट बटर आणि ओट्स लिहिलेलं असतं. गावात शेंगदाण्याचा कूट, पीठ आणि सुक्या बोंबलाचा तुकडा यांपुढे कशाची मात्रा चालत नाही. संध्याकाळी लावायचे आणि उजाडताच तपासायचे. १०० सापळे तीन रात्री लावले की ३०० 'सापळा-रात्री' होतात. तीनशेला किती प्राणी सापडले यावरून दोन जागांची किंवा दोन ऋतूंची तुलना करता येते. मोजणीशिवाय नुसते उंदीर पकडून हाती काही लागत नाही.

उजाडताच का, ते मी चूक करून शिकले. पहिल्या हंगामात एका सकाळी मी उशिरा पोचले आणि एका सापळ्यात चिचुंद्री मेलेली सापडली. चिचुंद्री कृंतक नाही, ती कीटक खाणाऱ्यांच्या गटातली. तिच्या शरीराची भट्टी इतकी जोरात चालते, की काही तास खायला मिळालं नाही तरी ती मरू शकते. तेव्हापासून प्रत्येक सापळ्यात कापूस आणि पुरेसं खाणं असतं, आणि मी गजर पावणेपाचचा लावते. मेलेला प्राणी हा वाया गेलेला नमुना आहे म्हणून नाही, तर तो माझ्यामुळे मेला म्हणून.

पकडलेल्या प्राण्याला मोकळ्या हवेत, आडोशाला, मास्क, चष्मा आणि दुहेरी हातमोजे घालून हाताळतो. भूल देऊन वजन, डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, शेपूट, मागचं पाऊल, कान, नर-मादी या सगळ्याच्या नोंदी होतात. तोंडातून आणि गुदद्वारातून स्वॅब, थोडं रक्त, कानाचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा, अंगावरच्या गोचिडी आणि पिसवा वेगळ्या नळ्यांत. काही अभ्यासांत फुप्फुस किंवा मूत्रपिंड लागतं, तेव्हा प्राणी वेदनारहित पद्धतीनं मारावा लागतो. बाकीचे शुद्धीवर आले की पकडले त्याच जागी सोडतो.

कानाचा तुकडा कशाला, असं सगळे विचारतात. डीएनएवरून जात पक्की करायला. आपल्या घरात आणि शेतात दिसणारे काही उंदीर नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, आणि त्यानं मोठा फरक पडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या लासा तापाचा विषाणू प्रामुख्यानं मास्टोमिस नटालेन्सिस या उंदरात राहतो. त्याच भागात त्याचे अगदी तसेच दिसणारे सख्खे भाऊबंद आहेत. चुकीच्या भावाला पकडून 'विषाणू नाही' म्हणालात, तर सगळा अहवाल चुकला.

'पॉझिटिव्ह' तीन प्रकारचा असतो

नमुने थंड ठेवून लॅबमध्ये आणायचे आणि उणे ८० अंशांवर ठेवायचे. यातले बरेचसे विषाणू आरएनएचे असतात, आणि आरएनए उन्हात ठेवलेल्या दुधासारखा भराभर नासतो. कोकणातली उष्णता, वीज जाणं आणि घाटातला प्रवास यांच्याशी आमची खरी लढाई असते.

लॅबमधून 'पॉझिटिव्ह' आलं, असं ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायला शिका: कशात पॉझिटिव्ह?

पहिला प्रकार अँटिबॉडीचा. उंदराच्या रक्तात विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत. म्हणजे त्याची कधीतरी त्या विषाणूशी, किंवा त्याच्या एखाद्या जवळच्या नातलगाशी गाठ पडली होती. 'कधीतरी' आणि 'नातलगाशी' हे दोन शब्द महत्त्वाचे. आज तो विषाणू बाहेर टाकतोय का, हे यावरून एरवी सांगता येत नाही. हंता इथे थोडा वेगळा आहे, कारण त्याच्या नेहमीच्या यजमान उंदरात तो बहुधा जन्मभर मुक्काम ठोकतो.

दुसरा प्रकार पीसीआरचा. म्हणजे विषाणूच्या आरएनएचा एक तुकडा सापडला. अख्ख्या गटाला समान असलेला भाग शोधणारी पीसीआर वापरली, तर नवा, कुणी न पाहिलेला विषाणूही हाती लागू शकतो. पण तुकडा म्हणजे जिवंत, लागण करू शकणारा विषाणू नव्हे. शेतात बैलगाडीचं चाक सापडलं म्हणून गाडी चालू स्थितीत आहे असं नाही.

तिसरा प्रकार म्हणजे विषाणू वेगळा करून पेशींमध्ये वाढवणं. हा सगळ्यात भक्कम पुरावा, पण अवघड, आणि धोकादायक विषाणूंसाठी फक्त उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करता येतो.

आणि यातला कुठलाही प्रकार 'माणसाला आजार होतो' असं सांगत नाही. त्यासाठी आजारी माणसांत तोच विषाणू दाखवावा लागतो.

'निगेटिव्ह' म्हणजे नाही असं नाही

आता उलट बाजू. समजा मी एका गावातले ६० उंदीर तपासले आणि एकातही विषाणू नाही. मग गाव सुरक्षित?

संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे, 'तीनचा नियम'. काहीच सापडलं नाही तर ३ ला तपासलेल्या संख्येनं भागा. ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. अर्थ असा, की मी साधारण ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणू शकते की त्या उंदरांत लागणीचं प्रमाण ५ टक्क्यांहून जास्त नसावं. १ टक्क्यापर्यंत खाली यायचं तर ३०० उंदीर तपासावे लागतील. आणि हे गणितही उंदीर सरसकट पकडले गेले असं धरून आहे. प्रत्यक्षात काही उंदीर सापळ्याला सोकावतात, रोज येऊन बोंबील खाऊन जातात. काही त्याच्या जवळही फिरकत नाहीत. डियर माउसमध्ये मोठे नर जास्त बाधित असतात, कारण मारामाऱ्या आणि चावाचावीतून विषाणू पसरतो. माझ्या सापळ्यात नुसती पिल्लं आली, तर चित्र खोटंच दिसणार.

म्हणून एकदाच जाऊन पन्नास उंदीर पकडून आणलेल्या सर्वेक्षणावर मी फार विसंबत नाही. तेच गाव, त्याच जागा, पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षामागून वर्ष. कंटाळवाणं आहे, पण न्यू मेक्सिकोच्या त्या वह्या अशाच कंटाळ्यातून भरल्या होत्या.

वेल्लोरची चिचुंद्री

भारतातलंही एक उदाहरण सांगते. १९६४ साली तमिळनाडूत वेल्लोर इथे एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा केला गेला. त्याला नाव मिळालं थोट्टपालयम. तो नेमका कुठल्या गटातला, हे तेव्हा ठरवता आलं नाही. पुढे हंता गट ओळखला गेला आणि मग लक्षात आलं, की थोट्टपालयम हासुद्धा हंताच आहे. कोरियातल्या त्या प्रसिद्ध शोधाच्या कितीतरी आधी, वेल्लोरच्या चिचुंद्रीतून एक हंता विषाणू बाटलीत आलेला होता. फक्त त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

या गोष्टीतून मी दोन धडे घेते. एक, नमुने जपून ठेवा. आज ज्याचा अर्थ लागत नाही, त्याचा वीस वर्षांनी लागेल. दोन, विषाणू सापडणं आणि साथ येणं यांत फार मोठं अंतर आहे. थोट्टपालयममुळे माणसांत कुठे साथ आलेली नाही. आपल्या घराघरांत चुचकारत फिरणाऱ्या प्राण्यात तो सापडला, आणि तरीही आपण इथे आहोत.

मग हे सगळं करायचं कशाला?

हा प्रश्न मला फक्त काकालोकांनी विचारलेला नाही. माझ्या क्षेत्रातल्या मोठ्या लोकांनीही तो विचारलाय. अमेरिकेच्या मदतीनं २००९ ते २०२० या काळात 'प्रेडिक्ट' नावाचा प्रकल्प चालला. सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले, अनेक देशांतल्या वन्यप्राण्यांतून हजाराहून अधिक विषाणू शोधले गेले. यापुढची महासाथ आधीच ओळखता येईल, अशी आशा होती. २०१८ मध्ये एडवर्ड होम्स, अँड्र्यू रँबॉ आणि क्रिस्टियन अँडरसन यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की विषाणूंची यादी करून पुढचा कोणता ते सांगता येणार नाही. त्यापेक्षा जिथे माणसं आणि प्राणी एकत्र येतात तिथल्या माणसांवर लक्ष ठेवण्यात पैसा घाला.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात हे वाचलं तेव्हा दोन दिवस मला झोप लागली नव्हती. आज मला त्यांचं म्हणणं बरचसं पटतं. उंदराच्या आतड्यात सापडलेल्या आरएनएच्या क्रमावरून 'हा पुढचा' असं भविष्य मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर जपून ऐका. पण भविष्य सांगणं हा या कामाचा एकच उपयोग नाही. कुठला प्राणी, कुठे, कुठल्या महिन्यात, किती संख्येनं आणि त्यातले किती बाधित, ही माहिती हाताशी असेल, तर उद्या एखाद्या तालुक्यात विचित्र तापाचे चार रुग्ण आले तेव्हा आपण शून्यापासून सुरू करत नाही. मात्र त्यासाठी उंदरांची वही आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची वही एकमेकींशेजारी ठेवावी लागते. भारतात हे अंतर अजून बरंच आहे. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यावरच आहे, आणि सगळ्यात अवघडही तेच चाललंय.

मारून टाकूया का सगळे?

आजींचा दुसरा प्रश्न हाच होता: "मारून टाकूया काय सगळ्यांका?"

घरातला उंदीर मारू नका असं मी कुणाला सांगणार नाही. धान्याची नासाडी खरी असते. पण रानातले उंदीर मारून विषाणू संपत नाही. गिनीतल्या गावांत विष घालून लासाचे उंदीर कमी केले, तर काही काळानं आजूबाजूच्या रानातून नवे येऊन संख्या पुन्हा भरली. पनामात एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. काही ठिकाणी विषाणूचं घर नसलेल्या इतर जातींचे प्राणी काढून टाकले, तर उरलेल्या यजमान उंदरांत हंताच्या लागणीचं प्रमाण वाढलं. आळीत चार घरं बंद पडली, की उरलेल्यांत भांडणं वाढावीत, तसं काहीसं.

मग काय उपयोगी पडतं? २०१२ मध्ये अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात काही पर्यटकांना हंताची लागण झाली. शोध घेतल्यावर कळलं, की दुहेरी भिंतींच्या तंबूंत, भिंतींमधल्या अस्तरात डियर माउसनी घरं केली होती. ते तंबूच बंद केले गेले. उंदीर रानात राहिले, माणसाच्या उशाशी येण्याची वाट बंद झाली. सर्वेक्षणाचा खरा फायदा हा, की वाट कुठे आहे ते कळतं.

आजींना दिलेलं दुसरं उत्तर

तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम आजींच्या खळ्यातच बसले, आणि शेजारच्या बायकांनाही बोलावलं. मास्क घातला नव्हता, कारण सापळेही आणले नव्हते. त्यांना सांगितलं, की तुमच्याकडे सापडले ते एक घरउंदीर आणि एक चिचुंद्री. आम्ही शोधत होतो त्यातला कुठलाच विषाणू त्या दोघांत मिळाला नाही. पण दोनच प्राणी होते, त्यावरून आता कधीच काही नाही असं मी म्हणणार नाही. आणि गावात दुसऱ्या कुणाकडे सापळे लावले असते, तर तिथेही उंदीर मिळालेच असते. तुमचं घर मी निवडलं ते तुम्ही 'ये' म्हणालात म्हणून.

मग घरात काय करायचं ते सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण हे सगळ्यांना लागू आहे. बरेच दिवस बंद असलेली खोली, माळा किंवा गोदाम उघडलं तर अर्धा तास दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडूनं झाडू नका, धूळ उडते आणि हंतासारखे विषाणू धुळीतूनच नाकात जातात. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्यानं पुसा. धान्याला घट्ट झाकण, भिंतीतली भोकं बंद, मेलेला उंदीर हातात न घेता पिशवी उलटी करून उचलायचा. काजूच्या बागेत किंवा रानात जाताना अंगभर कपडे, घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघायचं, आणि ताप आला तर डॉक्टरांना 'मी बागेत गेले होते' हे आपणहून सांगायचं. या शेवटच्या एका वाक्यानं निदानाला लागणारा वेळ वाचू शकतो.

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मगे ह्या तेव्हाच सांगूचा ना गो!"

खरं आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. आता आमच्या गटात नियम केलाय: सापळा लावण्याआधी घरच्यांशी बोलायचं, सापडल्यावर काय कळेल आणि काय कळणार नाही हे दोन्ही सांगायचं, आणि निकाल आला की तो सांगायला परत जायचं. निकालात काही नसलं तरी.

पुढची खेप पावसाळ्यानंतर, भातकापणीच्या वेळी. आजींनी माळा दाखवायचं कबूल केलंय. तुम्हाला यातलं काही नीट कळलं नसेल तर जरूर विचारा. प्रश्न कुठलाही चालेल, फक्त "उंदरांची भीती नाही वाटत का?" हा नको. उंदरांची नाही वाटत, पावणेपाचच्या गजराची वाटते.